स्कूल बसचं पोस्टर करायचंय, सुरुवात कुठून करू?

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. शाळेत स्कूल बस सुरक्षेवर पोस्टर करायला सांगितलंय आणि घरी सगळे अडकलेत. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जायचे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि यावेळचं सगळं सदर यालाच देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा सहावीत आहे, स्कूल बस सेफ्टीवर पोस्टर करायचंय आणि शुक्रवारी द्यायचंय. त्याने मधोमध बस काढली, वर सूर्य, बाजूला झाडं आणि चारी कडेने आठ नियम लिहिले, रांगेत चढा, धक्काबुक्की करू नका, हात बाहेर काढू नका वगैरे. चित्र छान आलंय पण मॅडम म्हणाल्या फार गर्दी झालीये, परत कर. आता तो रुसून बसलाय की सगळं बरोबर असताना परत का करायचं. काय सांगू त्याला?

उत्तर : आधी त्याला हे सांगा की आठही नियम बरोबर आहेत आणि चित्र वाया गेलेलं नाही, कारण त्या आठातलाच एक आता निवडायचाय. नियमांचा तक्ता वेगळा आणि पोस्टर वेगळं. तक्ता माणूस उभं राहून वाचतो, पोस्टर चालता चालता दिसतं. जिन्यात लावलेल्या पोस्टरसमोर पोरं थांबत नाहीत हो, घंटा झालेली असते, मागचा ढकलत असतो, दोन-तीन सेकंद नजर जाते तेवढीच आणि तेवढ्यात डोक्यात एकच गोष्ट शिरते. एक पोस्टर एक गोष्ट हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि दरवर्षी निम्मा वर्ग आठ-दहा नियम लिहून आणायचा, कारण मुलांना वाटतं जास्त लिहिलं की जास्त मार्क. यात त्यांची चूक नाही, बाकीच्या विषयांत तसंच असतं ना.

आता एक कोणती निवडायची, तर इथे जरा वेळ घ्या. बहुतेक मुलं बसच्या आतलं काढतात, खिडकी, सीट, धक्काबुक्की. पण सीटवर नीट बसलेलं मूल त्यामानाने बरंच सुरक्षित असतं, गाडी मोठी, जड, आणि मूल रस्त्यापासून उंचावर बसलेलं. खरा धोका असतो तो चढताना आणि उतरताना, बसच्या अवतीभवती. बसच्या चारी बाजूंनी साधारण १० फूट, म्हणजे ३ मीटरचा जो पट्टा असतो ना त्याला डेंजर झोन म्हणतात, त्या पट्ट्यात असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसेलच याची खात्री नसते. मुलांच्या भाषेत सांगायचं तर पाच मोठ्ठी पावलं.

हे नुसतं तोंडी सांगून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. एकदा मैदानात उभ्या असलेल्या बसच्या ड्रायव्हरकाकांना विचारून मी त्यांच्या सीटवर बसले, इंजिन बंद, चावी काकांच्या खिशात, आणि काकांनी पहिलीतल्या एका मुलाचा हात धरून त्याला बसच्या अगदी पुढ्यात बंपरला लागून उभं केलं. मला काका दिसत होते छातीपासून वर. मूल नाहीच. काच, वायपर, पलीकडे मैदान, आणि काकांचा एक हात खाली कुणालातरी धरल्यासारखा, तोही कोपरापर्यंतच. मग ते दोघं बसपासून एकेक पाऊल लांब जायला लागले, आधी केसांचा शेंडा आला, मग कपाळ, आणि दोन्ही डोळे दिसले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, इतकं अंतर झालं होतं मधे. खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, तुला काय वाटलं मी बघतेय का तुला? तर म्हणाला, हो, मला बस दिसत होती ना. सगळं त्या वाक्यात आहे बघा. मला बस एवढी मोठी दिसतेय म्हणजे बसलाही मी दिसतोय, लहान मुलाचा हिशोब असाच असतो आणि तो चुकतो.

तुमच्या मुलालाही जमलं तर हे करून बघायला द्या, बस बंद असताना, ड्रायव्हरकाका आणि शाळेचं माणूस सोबत असताना, एरवी अजिबात नाही. आणि नाहीच जमलं तर घरी टेबलामागे खुर्चीवर बसवा, टेबलाच्या पलीकडच्या कडेला अगदी चिकटून जमिनीवर एखादी बाहुली ठेवा, दिसणार नाही, मग तुम्ही ती हळूहळू लांब सरकवा आणि त्याला म्हणा दिसली की सांग. एकदा त्याने स्वतः "आत्ता दिसली" म्हटलं ना की पोस्टर त्याच्या डोक्यात आपोआप तयार होतं, तुम्हाला काही सुचवावं लागत नाही.

एका मुलीने माझ्याकडे असंच करून बघितल्यावर जे काढलं होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. आख्खा कागद म्हणजे ड्रायव्हरची समोरची काच, खाली स्टिअरिंगचा वरचा अर्धा गोल, काचेबाहेर रिकामा रस्ता, आणि काचेच्या खालच्या कडेला फक्त एका रिबिनीचं लाल टोक. बाकी काही नाही. खाली एकच ओळ, "मी इथे उभी आहे." सूर्य नाही, झाड नाही, नियम नाही, पण त्या पोस्टरसमोर मुलं खरंच थांबायची आणि रिबिन सापडली की एकमेकांना दाखवायची.

मोठ्या कागदावर एकदम सुरू करू नका. आधी रफ वहीत काडेपेटीएवढे सहा चौकोन आखून घ्या आणि प्रत्येकात एक वेगळी कल्पना, नुसती पेन्सिल, खोडरबर न वापरता, एकेका चौकोनाला दोन-तीन मिनिटं. पहिली दोन चित्रं सगळ्यांची सारखीच येतात, चौथ्या-पाचव्यात काहीतरी आपलं येतं. त्यातलं एक मोठं करायचं. पूर्ण झालं की भिंतीला लावून दहा पावलं मागे जायचं आणि डोळे अर्धवट मिटून बघायचं, त्यातूनही जे दिसतं तेच लोकांना दिसणार आहे. आणि उरलेल्या सात नियमांचं त्याला वाईट वाटत असेल तर मॅडमना सुचवा की वर्गातल्या प्रत्येकाने एकेक नियम घ्यावा, भिंतभर पोस्टरं होतील.

प्रश्न : मी आठवीत आहे. मी चार घोषवाक्यं केलीत. (१) सावध राहा, सुरक्षित राहा. (२) घाई करू नका, जीव गमावू नका. (३) नियम पाळा, अपघात टाळा. (४) पडली वही तर पडू दे, बस आधी थोडी पुढे जाऊ दे. मला तिसरं आवडलंय कारण यमक छान जुळतंय, पण मैत्रीण म्हणते चौथं घे. कोणतं घेऊ?

उत्तर : मैत्रिणीचं ऐक. तिसरं वाक्य छान आहे पण ते कुठेही चालतं, विजेच्या खांबावर लाव, कारखान्यात लाव, पोहण्याच्या तलावावर लाव. घोषवाक्याची माझी एक साधी परीक्षा आहे, बसचं चित्र हाताने झाकायचं आणि नुसती ओळ वाचायची, ती दुसऱ्या कुठल्याही पोस्टरवर खपत असेल तर ती तुझ्या पोस्टरची नाही. दुसरी परीक्षा म्हणजे वाचून शरीराला कळलं पाहिजे की काय करायचं. "सावध राहा" म्हटल्यावर नेमकं काय करायचं ग? हात कुठे ठेवायचा, पाय कुठे? कळत नाही ना. चौथ्यात मात्र कळतं, वही पडली तरी वाकायचं नाही.

आणि तू निवडलेली गोष्ट किती महत्त्वाची आहे ते तुला माहीत असेल नसेल म्हणून सांगते. बसमधून उतरल्यावर हातातलं काहीतरी निसटतं, कागद उडतो, बाटली घरंगळत बसखाली जाते, आणि मूल काहीही विचार न करता त्यामागे वाकतं. आधीच लहान, त्यात वाकल्यावर आरशातही दिसत नाही, आणि ड्रायव्हरच्या मते सगळी मुलं उतरून गेलेली असतात. गाडी सुटायची वेळ आणि मूल वाकायची वेळ एकच येते. पण तुझ्या ओळीत एक छोटा बदल सुचवू का? "बस आधी पुढे जाऊ दे" म्हटलं की एखादं लहान पोर बसच्या शेजारीच उभं राहून वाट बघेल. त्यापेक्षा लांब हो आणि मोठ्या माणसाला सांग हे आलं पाहिजे. "पडली वही? वाकू नको. लांब हो, काकांना सांग." यमक जातंय थोडं, पण जाऊ दे, मोठ्याने दहा वेळा म्हणून बघ, ठेका आहे त्याला. तुला याहून चांगली सुचली तर तीच घे, माझी घेऊ नकोस.

एक अजून. नको नको जास्त झालं की मुलांच्या लक्षात नको केलेली गोष्टच राहते, म्हणून चित्रात शक्यतो बरोबर वागणारं मूल काढ, वाकणारं नको. तुझ्या चित्रात मुलगी पाच पावलं लांब उभी आहे, एका हाताने बसखालच्या वहीकडे बोट दाखवतेय आणि दुसरा हात वर करून काकांना हाक मारतेय, असं काहीसं. आणि हो, शुद्धलेखन आईबाबांकडून तपासून घे. "सुरक्षित" मधला क्षि पहिला, "सुरक्षीत" नाही. एवढ्या मोठ्या अक्षरात चूक झाली की मग दुसरं काही दिसतच नाही.

प्रश्न : मुलीने इंटरनेटवरून स्कूल बसचं छान चित्र शोधलंय, ते बघून काढलं तर चालेल का? किंवा एआयकडून करून घेतलं तर? तिला बस मुळीच काढता येत नाही.

उत्तर : बघून काढणं हा काही गुन्हा नाही, आम्हीही असंच शिकलो. पण इथे एक मोठी अडचण आहे आणि ती सुरक्षेचीच आहे. नेटवर सापडणाऱ्या स्कूल बसच्या चित्रांत अमेरिकन बस फार असतात. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात म्हणून बसचं दार उजवीकडे असतं. जिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात तिथे दार डावीकडे लागतं, नाहीतर मूल उतरणार ते थेट रस्त्याच्या मधोमध! मी अशी कितीतरी पोस्टरं बघितलीत, रंगकाम सुंदर, अक्षर सुंदर, आणि मुलं वाहत्या रस्त्यात उतरतायत. काढणाऱ्याच्या लक्षात नाही, घरच्यांच्या नाही, कधीकधी परीक्षकांच्याही नाही.

तसंच त्या बसच्या बाजूला एक लाल आठकोनी पाटी बाहेर आलेली दिसेल, तिला स्टॉप आर्म म्हणतात. अमेरिकेत आणि कॅनडात बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि ती पाटी बाहेर आली की मागच्या गाड्यांना थांबावंच लागतं, बहुतेक रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांनाही. सगळीकडे असा नियम नाही. तुमच्या बसला ती पाटी नसेल आणि मुलीने पोस्टरवर काढली तर एखादं लहान मूल त्यातून काय शिकेल, की बस थांबली म्हणजे सगळा रस्ता थांबला. हे उलटंच शिकवल्यासारखं होईल. एआयच्या चित्रात तर हे सगळं एकत्र होतं, दार एकीकडचं, स्टिअरिंग दुसरीकडचं, आरसा भलतीकडेच, आणि दिसायला इतकं गुळगुळीत की चूक सापडत नाही. शिवाय स्पर्धा असेल तर नियमात काय लिहिलंय ते आधी वाचा, बहुतेक ठिकाणी चित्र स्वतःच्या हातचं लागतं.

त्यापेक्षा ती रोज ज्या बसने जाते तीच काढू दे ना. बस काढता येत नाही हे खरं नाहीये, तिने बस नीट बघितलेली नाही एवढंच. उद्या वही पेन्सिल घेऊन जाऊ दे आणि बस उभी असताना शाळेच्या आवारातून, लांबून, फक्त चारच गोष्टी बघू दे. दार कुठे आहे आणि पायऱ्या किती, आरसे किती आणि कुठे, पुढची काच किती मोठी आणि तिच्या मानाने ड्रायव्हरकाकांचं डोकं केवढं, आणि चाकांची उंची तिच्या कुठपर्यंत येते. शेवटचं महत्त्वाचं आहे, मुलं चाकं लहान काढतात आणि बस खेळण्यातली वाटते. चाक खरं तेवढं मोठं काढलं आणि शेजारी मूल खरं तेवढं लहान काढलं की चित्र आपोआप बोलायला लागतं, मग ओळीची गरजसुद्धा कमी होते.

दाराजवळचा धरायचा दांडा पण बघू दे. त्यावर अख्खं पोस्टर होऊ शकतं आणि फार कुणी करत नाही. उतरताना जॅकेटची लोंबती दोरी, दप्तराचा सुटा पट्टा, गळ्यातल्या ओळखपत्राची रिबिन त्या दांड्याच्या खाचेत किंवा बंद होणाऱ्या दारात अडकते, मूल खाली उतरलेलं आणि बस निघालेली. अशा घटना झाल्यावर अमेरिकेत बस तपासताना दोरीच्या टोकाला नट बांधून ती दोरी दांड्यावरून ओढून बघायला लागले, कुठे अडकली तर तो दांडा बदलायचा. काय साधी युक्ती आहे बघा, दोरी आणि नट! मुलीला ही गोष्ट सांगा. एक दांडा, एक पट्टा आणि "पट्टे आत, मग पायरी" एवढंच काढलं तरी पोस्टर झालं.

प्रश्न : मी चित्रकलेची शिक्षिका आहे, नवीनच. मुलं विचारतात स्कूल बस पिवळीच का, आणि आम्ही पिवळीच काढायची का? दुसरं म्हणजे पिवळ्या रंगाने काम फार मळकट होतंय, काही टिप्स द्याल का.

उत्तर : पिवळ्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा, त्यांना आवडते. एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये, फ्रँक सीर नावाच्या प्राध्यापकांनी सात दिवसांची बैठक घेतली. त्याआधी त्यांनी फिरून पाहिलं होतं, शाळेची पोरं कशातून जातात, तर कुठे कुठल्याही रंगाची बस, कुठे ट्रक, कुठे अगदी घोडागाडीसुद्धा. त्या बैठकीत शिक्षणातले लोक होते, बस बनवणाऱ्यांचे इंजिनियर होते आणि रंगाचे जाणकारही होते. बस कशी असावी याचे ४४ नियम त्यांनी ठरवले. रंगासाठी भिंतीवर फिक्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत छटांच्या पट्ट्या लावल्या होत्या आणि त्यातला हा मधला पिवळा निवडला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं सगळ्यात स्पष्ट वाचता येत होती. म्हणजे बघा, त्या निवडीत वाचायचं कसं हा प्रश्न होता, नुसतं सुंदर दिसायचं नव्हतं, पोस्टरचाच प्रश्न झाला की हा! सगळीकडच्या बस पिवळ्या नसतात, त्यामुळे मुलाची बस पांढरी असेल तर पांढरी काढू दे, पण मग मागचा भाग गडद करायला सांगा, नाहीतर पांढऱ्या कागदावर पांढरी बस हरवते.

मळकटपणाचं कारण मला वाटतं काळा आहे. पिवळ्या पोस्टर कलरमध्ये काळा जरासा जरी गेला तरी हिरवट घाण छटा येते, ब्रशच्या मुळाशी राहिलेला काळासुद्धा पुरतो. म्हणून सगळ्यात आधी पिवळा, तोही स्वच्छ ब्रशने आणि स्वच्छ पाण्यात, पूर्ण वाळू द्यायचा, हात लावून थंड लागत असेल तर वाळलेला नाही, मग शेवटी काळा. पाण्याचे दोन डबे ठेवा, एक पिवळ्या-लालसाठी, एक काळ्या-निळ्यासाठी. खालची पेन्सिल अगदी हलकी हवी, पिवळ्यातून सगळं वर दिसतं. रंग फार जाड थापला तर कागद गुंडाळताना तडकतो. आणि पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरं कुणालाही काढू देऊ नका, चार पावलांवरून ती नसल्यासारखीच असतात.

अक्षरांचं थोडं जास्त सांगते कारण इथेच मुलं सगळ्यात जास्त गडबडतात. १० फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर साधारण १ इंच उंच धरा, आणि आपल्या देवनागरीत ही उंची म्हणजे शिरोरेघेपासून खाली नुसत्या अक्षराची, वेलांटी, मात्रा, रफार वर जाणार, उकार खाली जाणार, त्यांच्यासाठी अर्धा अर्धा इंच वेगळा सोडायचा. मुलं एक इंचाच्या दोन रेघा आखतात आणि सगळं त्यातच कोंबतात, मग "सुरक्षित" मधला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आपटतो. दुसरं म्हणजे डावीकडून मोठं मोठं लिहीत सुटायचं आणि उजवीकडे जागा संपली की शेवटची तीन अक्षरं चिरडायची, हे तर ठरलेलंच! यावर उपाय म्हणजे ओळ आधी वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहायची, पट्टी पोस्टरवर ठेवून सरकवून बघायची, आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे आखत जायचं. वेळ लागतो पण मुलं एकदा शिकली की विसरत नाहीत.

बरोबरला हिरवा आणि चुकला लाल एवढ्यावर भिस्त ठेवू नका, काही मुलांना, मुलग्यांमध्ये जास्त, लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही. फुली आणि बरोबरची खूण आकारानेच वेगळी दिसली पाहिजे.

प्रश्न : आमच्या बसला सीट बेल्टच नाहीत, मुलाने पोस्टरमध्ये बेल्ट काढायचा की नाही?

उत्तर : बसमध्ये आहे तेच काढू दे. बेल्ट असेल तर लावायचा, रोज, शेवटच्या सीटवरही. नसेल तर पाठ पाठीला टेकवून, पाय पुढे करून, बस पूर्ण थांबेपर्यंत बसून राहायचं. अमेरिकेत १९७७ पासून मोठ्या स्कूल बसच्या सीट उंच पाठीच्या, गादीच्या आणि एकमेकींजवळ ठेवायला लागले, म्हणजे ब्रेक लागला तर मूल पुढच्या गादीवर जाईल, पण त्याचा उपयोगही मूल सरळ बसलेलं असेल तरच. उभ्याने, मागे वळून किंवा पॅसेजमध्ये पाय टाकून बसलेल्याला काही उपयोग नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने चाकाखाली रक्त वगैरे दाखवलंय. म्हणतो बाबा, त्याशिवाय लोक घाबरणार नाहीत. पाठवू का तसंच?

उत्तर : नका पाठवू, पण त्याला रागवूही नका, त्याला विषय गंभीर आहे हे कळलंय म्हणूनच त्याने तसं काढलंय. ते पोस्टर बालवाडीतलं मूलही बघणार आहे ना, जे उद्या सकाळी त्याच बसमध्ये चढायचंय. घाबरलेलं मूल रडतं, बसमध्ये चढायला नाही म्हणतं, काय करायचं ते मात्र शिकत नाही. आणि शाळेत असंही एखादं मूल असू शकतं ज्याच्या घरी खरंच अपघात झालाय, त्याने रोज त्या भिंतीवरून जायचं? मुलाला म्हणा अपघाताच्या एक सेकंद आधीचं चित्र काढ, जेव्हा अजून सगळं वाचवता येतं. घरंगळत जाणारा चेंडू, अजून उभं असलेलं मूल, अजून थांबलेली बस. ते काढायला जास्त अवघड आहे, तो करेल बघा.

प्रश्न : मी स्कूल बसवर अटेंडंट आहे, मुलं मला मावशी म्हणतात. पोस्टरं सगळी मुलांसाठी करतात पण मला रोज त्रास मोठ्यांचा होतो. पालक रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात आणि तिथूनच पोराला हाक मारतात. पोरगं माझा हात सोडून धावतं. यावर कुणी पोस्टर करेल का? आणि ते लावू कुठे?

उत्तर : मावशी, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. एवढी वर्षं पोस्टरं करून घेतली पण हा विषय मी एकाही मुलाला दिला नाही, आणि तो पहिला द्यायला हवा होता. उतरल्या उतरल्या मुलाला आई दिसली की मधला रस्ता त्याच्यासाठी नसतोच. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते, म्हणजे चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती जवळजवळ एका बसच्या लांबीएवढी पुढे आलेली असते. त्यात मूल बसच्या आडून एकदम बाहेर येतं, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. पालकांना हे माहीत नसतं असं नाही, पण उशीर झालेला असतो, गाडी पलीकडेच लागलेली असते, आणि हाक तोंडातून निघून जाते.

वाचणाऱ्या मुलांनो, यावेळी कुणाला विषय सुचत नसेल तर हा घ्या. चित्रात एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला हात वर केलेली आई, मधे मोठा रिकामा रस्ता, आणि ओळ मुलाच्या तोंडची, "आई, हाक नको मारू. इकडे ये." मोठी माणसं नियमांच्या पाटीकडे बघत नाहीत, पण स्वतःच्या पोराने लिहिलेली ओळ वाचतात.

कुठे लावायचं तर मावशी, दोन ठिकाणी लावा. एक पालकांसाठी, जिथे ते उभे राहतात तिथे, शाळेच्या फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दुसरं लहानसं, वहीच्या पानाएवढं, बसच्या आत दाराजवळच्या भिंतीवर, पायरीवर उभ्या असलेल्या पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे तुम्हाला ते बरंच खाली लावल्यासारखं वाटेल पण तिथेच बरोबर आहे. काचेवर कुठेच लावू नका, ना पुढच्या ना दाराच्या, काकांना त्यातूनच बघायचं असतं. वर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण फिरवून लावा, कोपरे सुटले तर मुलं आधी तेच ओढतात. आणि महिन्याभराने बदला, एकच चित्र रोज बघून नजरेला दिसेनासं होतं, वर्गातलं दुसरं एखादं मूल तोवर नवीन करून देईल.